बिऱ्हाड आणि घर

उद्या गुढीपाडवा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या दिवशी सोने घ्यावे, वाहन घ्यावे, नव्या घराची बोलणी पक्की करावी असा आपल्याकडील प्रघात. आणि तो ध्यानी घेऊनच गेला पंधरवडाभर या पत्राच्या पहिल्या पानावर उंच इमारतींची रंगीत चित्रे झळकत आहेत. चित्रांत आकाश नेहमी निळे असते, झाडे हिरवीगार असतात आणि स्टेशन पाच मिनिटांच्या अंतरावर असते. या जाहिरातींच्या उत्पन्नावर वृत्तपत्राचा बराचसा खर्च चालतो, ही गोष्ट आम्ही वाचकांपासून लपवून ठेवू इच्छीत नाही. म्हणूनच ज्या पानावर त्या छापल्या गेल्या त्याच पानावर आज हा मजकूर घालणे आम्हांस कर्तव्य वाटते. उद्याच्या मुहूर्तावर कित्येक कुटुंबे अशा कागदावर सही करतील की ज्याचे ओझे पुढील वीस वर्षे त्यांच्या खांद्यावर राहावयाचे आहे. सही करण्यापूर्वी त्यांनी हे चार शब्द वाचावेत एवढीच आमची विनंती आहे.

प्रश्न जुनाच आहे. भाड्याच्या जागेत बिऱ्हाड करून राहावे की कर्ज काढून स्वतःचे घर घ्यावे? तिशीतील नवरा-बायको हा प्रश्न विचारतात, त्यांचे आईवडील त्याचे उत्तर देतात, आणि ते उत्तर बहुधा एका वाक्याचे असते : भाड्याचे पैसे पाण्यात जातात. हे वाक्य आपल्या मध्यमवर्गात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला वेदवाक्याची प्रतिष्ठा आली आहे. ते तपासून पाहण्याचे कष्ट मात्र फारसे कोणी घेत नाही. लेखणीकडे वळण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळामास्तर होतो, आणि कलाशाखेचे पदवीधर असूनही शिक्षकांच्या तुटवड्यापायी आठवीला गणित शिकविण्याचा प्रसंग आमच्यावर येत असे. चक्रवाढ व्याजाचे उदाहरण फळ्यावर मांडताना जी सावधगिरी आम्ही मुलांना शिकवीत होतो, तीच येथे बाळगण्याचा प्रयत्न करतो.

एक कोटी रुपयांची सदनिका धरा. मुंबईत या रकमेत फार मोठी जागा मिळत नाही हे वाचक जाणतातच. परंतु हिशेबाला आकडा सोपा आहे. मुद्रांकशुल्क मेट्रोच्या अधिभारासह सहा टक्के, म्हणजे सहा लाख. घर एकट्या स्त्रीच्या नावे घेतले तर त्यात एक टक्क्याची सवलत. नोंदणीचे तीस हजार वेगळे. पदरचे वीस लाख घातले आणि बँकेकडून ८० लाख रुपये साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या मुदतीने घेतले, तर दरमहा सुमारे ६९ हजार ४२५ रुपयांचा हप्ता बसतो. पहिल्या हप्त्यातील ५६ हजार ६६७ रुपये हे निव्वळ व्याज असते. मुद्दलात पडतात ते पावणेतेरा हजार. पहिल्या पाच वर्षांत बँकेला सुमारे ४१ लाख ६५ हजार रुपये भरावेत आणि मुद्दल जेमतेम साडेनऊ लाखांनी उतरलेले असावे, असा हा मामला आहे. घराचे भाडे पाण्यात जात असेल तर पैशाचे हे भाडे कोठे जाते? प्राप्तिकरात व्याजावर मिळणाऱ्या दोन लाखांपर्यंतच्या वजावटीचा दाखला येथे देण्यात येतो. पण ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यासच मिळते. नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी ती नाही, आणि २०२३ पासून नवी प्रणाली हीच न मागता लागू होणारी प्रणाली झाली आहे. व्याजाचा दर स्थिर राहील असेही कोणी गृहीत धरू नये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला, तेव्हा कित्येकांच्या वीस वर्षांच्या मुदतीची त्यांच्या नकळत पंचवीस वर्षे कशी झाली, हे त्यांनाच विचारावे.

आता दुसरी बाजू. मुंबईत घराचे वार्षिक भाडे त्याच्या किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास असते, हा सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणजे हीच सदनिका दरमहा पंचवीस हजारांत राहावयास मिळते. हे भाडे दरसाल पाच टक्क्यांनी वाढत गेले असे धरले, तर वीस वर्षे पुरी होताना ते सहासष्ट हजारांच्या घरात पोचते, म्हणजे तेव्हाही हप्त्याहून कमीच. घराची किंमतही याच वेगाने वाढली तर मालकाच्या हाती वीस वर्षांनंतर २ कोटी ६५ लाखांची वास्तू असेल. भाडेकरूने मात्र सुरुवातीचे सव्वीस लाख आणि भाडे व हप्ता यांतील दरमहाचा फरक सात टक्क्यांनी गुंतवीत नेला, तर त्याच्याही गाठीस २ कोटी ६० लाखांच्या आसपास रक्कम जमते. मालकाला सोसायटीचे मासिक शुल्क, मालमत्ता कर आणि डागडुजी चुकत नाही. भाडेकरूला व्याजावरील कर, दलाली आणि सामान हलविणाऱ्या टेम्पोचे भाडे चुकत नाही. किमतीची वाढ सात टक्के धरा, पारडे मालकाकडे झुकेल. तीन धरा, ते भाडेकरूकडे येईल. येत्या वीस वर्षांत काय होईल हे सांगणारा अद्याप जन्मावयाचा आहे, आणि जो ते छातीठोकपणे सांगतो तो बहुधा काहीतरी विकावयास आलेला असतो.

तात्पर्य, पैशाच्या काट्यावर तोलले तर दोन्ही पारडी जवळजवळ समान उतरतात. मग आपला मध्यमवर्ग खरेदीकडेच ऊर फुटेपर्यंत का धावतो?

याचे एक उत्तर मनुष्यस्वभावात आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. दरमहा चव्वेचाळीस हजार रुपये स्वतःहून बाजूला टाकणारे कुटुंब हजारात एखादे. बँकेचा हप्ता ही सक्तीची बचत असते. ती चुकविता येत नाही म्हणूनच घडते. हिशेबातील भाडेकरू हा कागदावरचा भाडेकरू आहे. प्रत्यक्षातील भाडेकरूच्या घरी लग्नकार्य निघते, आजारपण येते, मुलाचे महाविद्यालय येते, आणि तो फरक हा हा म्हणता विरून जातो.

पण खरे उत्तर हे नव्हे. ते आम्ही शाळेत असताना पाहिले. एका वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नववीतील एक हुशार मुलगा वडिलांसमवेत शिक्षकांच्या खोलीत आला. दाखला हवा होता. वार्षिक परीक्षा सहा-सात आठवड्यांवर आली असता दाखला कशाला, असे आम्ही विचारले. राहत्या घराच्या मालकाच्या मुलाचे लग्न ठरले होते, करार संपत होता, नव्या जागेचे भाडे शाळेच्या आसपास परवडणारे नव्हते. वडील हे सारे खाली मान घालून सांगत होते; जणू चोरी त्यांनी केली होती. मुलाने निबंधाची वही परत मागितली, कारण तीत न तपासलेला एक निबंध होता. आम्ही तो तेथेच उभ्या उभ्या तपासून दिला. पुढे तो मुलगा कोणत्या शाळेत गेला, परीक्षेला बसला की नाही, ते आम्हांस कळले नाही. ही एकाच मुलाची हकीकत नव्हे. दर मे महिन्यात या शहराच्या रस्त्यांवर गाद्या, कपाटे आणि तुळशीची कुंडी घेऊन जाणारे टेम्पो ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. आपली माणसे घर विकत घेतात ती नफ्यासाठी नव्हे. अकरा महिन्यांनी आपल्याला कोणी उठ म्हणू नये, एवढ्यासाठी ती वीस वर्षे गहाण पडतात.

गंमत अशी की हे शहर मुळात भाडेकरूंचेच शहर होते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे सरकारने बीडीडी चाळींच्या २०७ इमारती उभ्या केल्या. खाजगी मालकांनी गिरगाव, परळ, दादर भागांत चाळी बांधल्या त्या भाड्याचे उत्पन्न मिळावे म्हणूनच. गिरणीतला कामगार, पेढीवरचा कारकून, शाळेतला मास्तर, सारे बिऱ्हाडकरू. मालकीचे घर नाही म्हणून कोणाच्या मुलीचे लग्न अडत नव्हते. आज सोयरीक जुळविताना मुलाच्या पगाराआधी त्याच्या फ्लॅटची चौकशी होते.

हे चित्र बदलले ते युद्धकाळातील भाववाढीपासून जनतेचे रक्षण करावयास निघालेल्या कायद्याने. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. हेतू उदात्त होता आणि तत्कालीन परिस्थितीत उपाय आवश्यकही होता. पण तात्पुरता म्हणून आणलेला हा कायदा मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत अर्धशतक जगला. दहा-वीस रुपये भाड्यात जिन्याची एक फळीही बदलता येत नाही, म्हणून मालकाने इमारतीकडे पाठ फिरविली. भाडेकरूने पागडी देऊन आत शिरावे आणि पागडी घेऊन बाहेर पडावे असा चोरटा बाजार उभा राहिला. आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली सरकारला कायदा करून उपकर बसवावा लागला. त्यावर कळस चढला १९७३ साली. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस जे 'लिव्ह अँड लायसन्स'वर जागेत होते, त्यांना कायद्याने संरक्षित भाडेकरू ठरविले. ज्या मालकांनी विश्वासाने जागा दिली होती ते हबकले आणि ज्यांनी दिली नव्हती त्यांनी कुलपे घातली. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. मुंबईच्या घरमालकाने तर ताक पिणेच सोडून दिले. भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे हा वेडेपणा ठरला. मालकी तत्त्वावरील सदनिकांचा १९६३ चा कायदा तोवर आलेलाच होता. बांधणारा त्या वाटेने गेला तो परत आला नाही.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेली भाडी ही कालौघात अन्याय्य ठरली असल्याचे म्हटले, तेव्हा राज्याला जाग आली. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ साली झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. आमच्या मते येथेच मोठी संधी वाया गेली. जुन्या भाडेकरूचे संरक्षण जवळजवळ जसेच्या तसे ठेवले, भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ दिली, पागडीला कायद्याची मान्यता दिली. आणि नव्याने येणाऱ्या भाडेकरूस काय दिले? त्याच्यासाठी कलम २४. मुदत संपली की त्याने निघावे, न निघाल्यास दुप्पट शुल्क भरावे. कराराची नोंदणी सक्तीची केली व तिची जबाबदारी मालकावर टाकली, हे चांगलेच झाले. परंतु भाडे किती वाढवावे, अनामत किती मागावी, वेळेवर भाडे भरणाऱ्या कुटुंबास पुन्हा राहू द्यावे की नाही, याविषयी या नव्या भाडेकरूच्या बाबतीत कायदा मुका आहे. एकाच मजल्यावर एका दाराआड आजोबांच्या काळच्या भाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कुटुंब, आणि समोरच्या दाराआड अकरा महिन्यांच्या धास्तीत जगणारे दुसरे. एकाला कायद्याने जावई केले आणि दुसऱ्याला वाटसरू.

कायद्याच्या जोडीस समाज आहेच. जागा रिकामी आहे असे सांगणारा दलाल नाव ऐकून दुसऱ्या दिवशी ती गेल्याचे कळवितो, याचा अनुभव या शहरातील मुसलमान आणि दलित कुटुंबांना विचारावा. मासे खाणाऱ्यांना नको, अविवाहितांना नको, एकट्या राहणाऱ्या स्त्रीला तर नकोच. मराठी माणसाला मुंबईत जागा नाकारली की आमचे रक्त उसळते, आणि ते उसळावेच. पण आमच्याच सोसायट्यांच्या कमिट्या वर्षानुवर्षे कोणाकोणाला नकार देत आल्या आहेत, याची यादी कोणी करीत नाही. स्वतःच्या घराचा हट्ट हा पुष्कळदा या अपमानातून जन्मलेला असतो. ज्याला दहा दारांवरून परत फिरविले, त्याला व्याजाचा हिशेब सांगण्यात अर्थ नाही.

या साऱ्याचा परिणाम असा की एकीकडे घरासाठी माणसे तळमळतात आणि दुसरीकडे घरे रिकामी पडून राहतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत १ कोटी १० लाखांवर घरे रिकामी आढळली. राज्यकर्त्यांनी भाड्याच्या घरांचा विचार कधीच केला नाही असे नव्हे. २००८ साली मुंबई महानगर प्रदेशासाठी १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना निघाली होती. पुढे तिचे मूळ रूप पालटले, आणि तीतील काही घरे गिरणी कामगारांना मालकीने देण्यात आली. कामगारांना घर मिळाले याचा आनंदच आहे. पण भाड्याने देण्यासाठी बांधलेले घरही अखेर विकलेच जाते, यातून सरकारी विचाराची दिशा कळते. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, तंट्यांसाठी स्वतंत्र भाडे प्राधिकरण असावे, अशा तरतुदी त्यात आहेत. पण राज्यांवर त्याची सक्ती नाही.

जर्मनीसारख्या संपन्न देशात निम्म्याहून अधिक कुटुंबे आजही भाड्याच्या घरांत राहतात. ती दरिद्री आहेत म्हणून नव्हे. तेथे करार सहसा बेमुदत असतो, आणि मालकाला स्वतःची खरी गरज किंवा तसेच सबळ कारण दाखविल्यावाचून भाडेकरूस उठविता येत नाही. त्यांचा कायदा आपण जसाच्या तसा उचलावा असे आम्ही म्हणत नाही. उचललेले कायदे आपल्या मातीत कसे रुजतात ते आपण पाहिले आहे. मात्र त्यातील तत्त्व आम्हांस आपल्याजोगे वाटते. पाच वर्षांचा करार, भाडे वेळेवर भरणाऱ्यास तो पुन्हा मिळण्याचा हक्क, भाववाढीच्या निर्देशांकाशी बांधलेली भाडेवाढ आणि दोन महिन्यांची अनामत, हे भाडेकरूसाठी. आणि मालकासाठी, भाडे थकले किंवा स्वतःला जागा खरोखरच लागली तर सहा महिन्यांच्या आत ताबा मिळेल अशी खात्री. ही दुसरी बाजू नसेल तर पहिली कागदावरच राहील. १९७३ च्या कुलपांची आठवण अद्याप बुजलेली नाही. राज्य विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनात मुंबई, ठाणे आणि पुण्याच्या आमदारांनी हा विषय पक्षभेद विसरून हाती घ्यावा. २०२५ च्या राज्य गृहनिर्माण धोरणाचे ब्रीद 'माझे घर, माझा अधिकार' असे आहे. माझ्या म्हणजे माझ्या मालकीच्याच घराचा अधिकार, असा त्याचा अर्थ सरकारने घेऊ नये.

कायदा व्हावयाचा तेव्हा होईल. उद्या सही करावयास निघालेल्या वाचकास तोवर थांबा म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्यांची नोकरी स्थिर आहे, ज्यांना त्याच भागात आठ-दहा वर्षे राहावयाचे आहे आणि ज्यांचा हप्ता घरातील एकाच्या पगारावर निभावू शकतो, त्यांनी खुशाल घ्यावे. दोघांचे पगार अखेरच्या रुपयापर्यंत मोजून कर्ज काढणाऱ्यांना मात्र आम्ही कळकळीने सांगू की एखादे बाळंतपण किंवा एखादी नोकरकपात पुरेशी होते. लोक काय म्हणतील, व्याही काय म्हणतील, मित्राने घेतले मग आपण का नाही, या कारणांसाठी घर घेऊ नये. तयार घर मिळत असेल तर बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या वाटेस जाऊ नये; ताबा लांबला की भाडे आणि हप्ता अशी दुहेरी चक्की फिरू लागते, आणि तीत भरडलेली कुटुंबे या शहरात थोडीथोडकी नाहीत. तेथेच घ्यावयाचे असेल तर प्रकल्पाची महारेराकडील नोंदणी स्वतः पाहावी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. मुहूर्ताच्या नावाखाली कोणी अधिक मागितली तर मुहूर्त चुकू द्यावा. जुन्या इमारतीत घेताना सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे काय हे विचारावे. अशा कित्येक इमारतींत रहिवासी सदनिकेचे मालक आणि खालची जमीन दुसऱ्याच्याच नावे, अशी स्थिती आजही आहे.

ज्यांचे करार येत्या मे महिन्यात संपत आहेत, त्यांनी आपला अनुभव आम्हांस लिहून कळवावा. पत्र पाठविणाऱ्याचे आणि घरमालकाचे नाव आम्ही छापणार नाही. अनामतीची रक्कम, भाड्यात मागितलेली वाढ आणि जागा सोडण्यास दिलेली मुदत एवढे मात्र स्पष्ट लिहावे. ही पत्रे याच पानावर प्रसिद्ध होतील, आणि अधिवेशनापूर्वी त्यांचा गठ्ठा गृहनिर्माणमंत्र्यांच्या हाती देण्याची जबाबदारी आम्ही पत्करीत आहोत.